बी.कॉम., बीबीएच्या मुलांनी प्रत्यक्ष काम कुठे आणि कसं शिकावं?

तासगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला असलेल्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: पुढच्या वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, करायचं आहे. कॉलेज म्हणतं, जागा तुमची तुम्हीच शोधा. पुण्या-मुंबईत ओळखीचं कोणी नाही. मोबाइलवर ‘पंधरा दिवसांची ऑनलाइन इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती येतात, पण त्यासाठी दोन-अडीच हजार भरावे लागतात. वडिलांची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. अशा वेळी काय करावं?

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करतो. बी.कॉम. आणि बीबीएची मुलं-मुली दरवर्षी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांतली कोणती पुढे कामात तयार झाली आणि कोणती नुसतीच येऊन गेली, हे इतकी वर्षं जवळून बघतो आहे. त्यावरून सांगतो.

आधी सरळ उत्तर. पैसे भरून प्रमाणपत्र घेऊ नकोस. पुण्याला जायचीही गरज नाही. तासगावातच एखादं चालतं दुकान, अडत दुकान, पतसंस्था किंवा कर सल्लागाराचं ऑफिस धर आणि तिथे किमान दोन पूर्ण महिन्यांचा हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हाताने कर. माल आला, बिल आलं, नोंद झाली, माल विकला, उधारी राहिली, पैसे आले, कर भरला, बँकेशी मेळ बसला. ही साखळी एकदा पूर्ण हातून गेली की पुस्तकातलं अर्धं अकाउंटिंग आपोआप जागेवर बसतं. साखळीतला एकच तुकडा करत राहिलीस तर सहा महिने घालवूनही हाती फारसं लागत नाही.

आता तासांबद्दल, कारण बहुतेक मुलं इथेच चुकीचं नियोजन करतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पदवीला ओजेटी आलं. त्याला चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. ते कोणत्या सत्रात ठेवायचं हे विद्यापीठागणिक थोडं वेगळं आहे, तुझ्या कॉलेजात विचारून घे. रोज आठ तास धरले तर १२० तास पंधरा दिवसांत संपतात, आणि मुलांना तेच सोयीचं वाटतं: सुट्टीत एकदाचं उरकून टाकायचं. पण धंद्याचा हिशोब महिन्याच्या चक्रावर चालतो. कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, विक्रीचं विवरण जीएसटीआर-१ हे ११ तारखेपर्यंत, खरेदीवर किती कर वजा मिळणार हे सांगणारं जीएसटी पोर्टलवरचं पत्रक टू-बी १४ तारखेला तयार होतं, पीएफ आणि ईएसआय १५ तारखेपर्यंत, आणि महिन्याचं जीएसटी विवरण थ्री-बी भरून कर जमा करायचा तो २० तारखेपर्यंत. तू २१ तारखेला गेलीस आणि पुढच्या ५ तारखेला परत आलीस, तर यातलं काहीच बघणार नाहीस. म्हणून रोज दोन तास, असे साठ दिवस जा. कॉलेज सुटल्यावर दुपारी तीन ते पाच. अडीच महिने लागतील, पण महिन्याचं चक्र निदान दोनदा डोळ्यांखालून जाईल. पहिल्यांदा बघशील, दुसऱ्यांदा स्वतः करशील. कॉलेजने सलग दिवसांचा आग्रह धरला तर विभागप्रमुखांना हीच तारखांची यादी दाखव. वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाला हे पटतं.

छोटी जागा का, तेही सांगतो. मोठ्या कंपनीत गेलीस तर तुला संगणकासमोर बसवतील आणि एका एक्सेल शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमध्ये भरायला देतील. त्यात कंपनीची चूक नाही, तिथे कामाची विभागणीच तशी असते. पंधरा माणसांच्या वरच्या जागी एकच माणूस खरेदी, विक्री, वसुली आणि बँक हे सगळं बघत नाही. तासगावच्या हार्डवेअर दुकानात मात्र मालक सकाळी कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरशी भावावरून वाद घालतो, दुपारी गवंड्याला उधारीवर माल देतो आणि संध्याकाळी गल्ला मोजतो. हे सगळं तुझ्या समोर, दहा फुटांच्या जागेत घडतं. बी.कॉम.च्या मुलीला याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

एक बिल घेऊन बघू. आकडे समजण्यापुरते धर. दुकानदाराने कोल्हापूरहून एक लाखाचे पीव्हीसी पाइप आणि फिटिंग मागवले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा, मिळून १८ हजार. बिल झालं १ लाख १८ हजारांचं. आपल्या राज्यात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद, लागतं, त्यामुळे टेम्पोवाल्याकडे ते आहे का, त्यावरचा गाडी नंबर बरोबर आहे का, हे पहिलं बघायचं. मग माल उतरवून घेताना बिलावरचा नग आणि प्रत्यक्ष नग जुळवायचा. मग टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खरेदीची नोंद. पुढे तोच माल एका ठेकेदाराला १ लाख १५ हजार अधिक २० हजार ७०० जीएसटी अशा भावाने गेला. नफा १५ हजार. वर्गात इथे गणित संपतं.

दुकानात ते इथे सुरू होतं. ठेकेदाराने माल साठ दिवसांच्या उधारीवर नेला. डिस्ट्रिब्युटरला मात्र पैसे रोख दिलेले आहेत. २० तारीख आली. विक्रीवरचा कर २० हजार ७००, त्यातून खरेदीवर दिलेले १८ हजार वजा, म्हणजे २ हजार ७०० भरायचे. पण १४ तारखेला टू-बी उघडलं तर डिस्ट्रिब्युटरचं बिल त्यात नाहीच, कारण त्याने त्याचं आर-वन, म्हणजे जीएसटीआर-१, वेळेत भरलेलं नाही किंवा त्यात आपला जीएसटी नंबर चुकला आहे. बिल टू-बीत नाही तर त्या महिन्यात वजावट नाही. म्हणजे दुकानदाराला पूर्ण २० हजार ७०० खिशातून भरायचे. खरेदीचे १ लाख १८ हजार आणि हे मिळून १ लाख ३८ हजार ७०० बाहेर गेले, आणि आत अजून एक रुपया आलेला नाही. कागदावर पंधरा हजार नफा आणि बँकेत खडखडाट, ही गोष्ट एकदा डोळ्यांनी बघितली की नफा आणि रोख यांतला फरक आयुष्यभर विसरत नाही.

आणि इथे तुझं काम येतं. फोन उचलायचा आणि डिस्ट्रिब्युटरच्या अकाउंटंटला सांगायचं: “नमस्कार, तासगावहून अमुक ट्रेडर्समधून बोलते आहे. तुमचं २३ तारखेचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही. आर-वनला चढवलंय का, जरा बघाल?” पहिल्या फोनला मुलांचा आवाज कापतो, हे मी नेहमी बघतो. समोरचा म्हणतो, “चढवलंय, तुमच्याकडेच दिसत नसेल.” मग बिल नंबर, तारीख, रक्कम, जीएसटी नंबर एकेक करून जुळवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर आवाज स्थिर होतो. हा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि नोकरी देणारा मालक नेमकं हेच बघत असतो: ही मुलगी फोन करून काम पुरं करून घेऊ शकते का.

मालाच्या मोजणीचंही तसंच. अशाच एका दुकानाच्या टॅलीत अर्धा इंची एल्बोचा, म्हणजे पाइप वळवायच्या जोडाचा, साठा वजा ३८० दिसत होता. माल वजा कसा असेल? माझ्याकडे शिकायला आलेला टी.वाय.चा मुलगा दुकानात गेला, रॅकवरचे एल्बो खाली काढून मोजले. १६ निघाले. मग त्याने खरेदीची बिलं काढली. शंभराचा एक असे चार बॉक्स आले होते, आणि नोंद करणाऱ्याने नगाच्या रकान्यात ‘४’ घातले होते. विक्री मात्र नगावर होत होती, ३८४ नग. चारशेतून ३८४ गेले, १६ उरले, हिशोब चोख बसला. त्या मुलाने दुकानदाराला समजावून टॅलीत बॉक्स आणि नग यांचं एकक जोडून दिलं. पुढच्या महिन्यापासून त्या दुकानदाराची खरेदीची ऑर्डर साठा बघून जायला लागली. त्या मुलाचा ओजेटीचा अहवाल याच एका गोष्टीवर होता, आणि माझ्या मते तो त्या वर्गातला सर्वांत चांगला अहवाल असणार.

दुकानात बसल्यावर अजून दोन कामं मागून घे. एक म्हणजे रोजचा गल्ला मेळ: रोख किती, क्यूआरवर किती, उधारी किती, आणि यांची बेरीज दिवसाच्या विक्रीशी जुळते का. क्यूआरचे पैसे बँकेत कधी जमा झाले, तेही पासबुकाशी ताडून बघायचं. दुसरं म्हणजे उधारीची यादी, तीस दिवसांच्या आतली, तीस ते साठ, साठ ते नव्वद, आणि त्यापुढची. ही यादी केलीस की कोणता ग्राहक माल भरपूर नेतो पण पैसे देताना रडवतो, हे लगेच दिसतं. बऱ्याच मालकांना हे मनातून माहीत असतं, पण कागदावर कोणी मांडून दिलेलं नसतं. तू मांडून दे. आणि मालकाने दुसऱ्यांचे किती थकवले आहेत, तेही बघ. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत उलटून गेलेली अशी रक्कम ३१ मार्चला थकलेली राहिली तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच धरता येतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झालं आणि मार्च महिन्यात दुकानदारांची धावपळ त्यामुळे फार वाढली आहे.

तुझ्यासाठी याहून जवळची जागा म्हणजे बेदाण्याचं अडत दुकान. तासगाव आणि सांगली ही बेदाण्याची मोठी पेठ. तू जिथे राहतेस तिथे देशभरातले व्यापारी खरेदीला येतात, ही केवढी संधी आहे! आणि सुरुवात तर घरातूनच करता येईल. वडिलांकडच्या गेल्या दोन-तीन हंगामांच्या हिशोब पट्ट्या, म्हणजे अडत्याने दिलेले विक्रीच्या हिशोबाचे कागद, काढ. प्रत्येक पट्टीवर वजन, भाव, तूट, हमाली, तोलाई असे रकाने असतील. सगळ्या एका वहीत ओळीने उतरव आणि प्रत्येक पट्टीचा हातात पडलेला भाव काढ, म्हणजे सगळी कपात जाऊन किलोला खरे किती मिळाले. पट्टीवरचा भाव आणि हातात पडलेला भाव यांत किती अंतर आहे, आणि ते कोणत्या दुकानात कमी आहे, हे कळेल.

मग खर्चाची बाजू मांड. साधारण चार किलो द्राक्षांपासून किलोभर बेदाणा होतो. त्यात द्राक्षाचा स्वतःचा भाव धर, कारण बाग आपली असली तरी तीच द्राक्षं बाजारात विकली असती तर पैसे आले असते. डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, शेडचं भाडं, मजुरी, प्रतवारी, बॉक्स, शीतगृह. घरच्या माणसांची मजुरीही लाव. कॉस्ट अकाउंटिंगच्या पुस्तकातलं प्रकरण तू यापेक्षा चांगल्या उदाहरणावर शिकू शकणार नाहीस.

त्यानंतरचा प्रश्न खऱ्या धंद्याचा: आता विकायचं की थांबायचं? समजा आज किलोला २०० रुपये भाव आहे आणि वडील सहा महिने थांबायचं म्हणतात. पैसे अडकल्याचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तर सहा महिन्यांचे १२ रुपये. शीतगृहाचं भाडं समजा ४, वजनातली तूट समजा २. म्हणजे सहा महिन्यांनी २१८ च्या वर भाव मिळाला तरच थांबण्यात अर्थ, नाहीतर आज विकलेलं बरं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा आहे आणि तिथे व्याजाचा दर सहा टक्के असतो. माल बाजार समितीत तारण ठेवला तर या गणितात काय फरक पडतो, तेही मांडून बघ. बाजार समितीत जाऊन योजनेची सध्याची मर्यादा आणि अटी स्वतः विचार, ती विचारपूस हाही शिकण्याचाच भाग. हे टिपण तुझ्या वडिलांच्या उपयोगाचं आहे. ज्या कामाचा कुणाला उपयोग होतो ते काम मुलं मन लावून करतात, असा माझा अनुभव आहे.

अडत दुकानात बसशील तेव्हा कराचा एक प्रश्न जरूर विचार. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली, तिथे शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट करण्यात आलं. व्यापाऱ्याच्या विक्रीवर मात्र पाच टक्के लागतो. मग अडत्याच्या बिलावर काय येतं, आणि परराज्यातल्या व्यापाऱ्याला माल जातो तेव्हा कर कसा बदलतो? तिथल्या मुनीमजींना विचार. हंगामाच्या गर्दीत त्यांना वेळ नसतो, सौदे नसतात त्या दिवशी विचार. कागद हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाला ही माणसं फार प्रेमाने उत्तर देतात.

पतसंस्थेबद्दल थोडक्यात. पिग्मी एजंटबरोबर आठवडाभर बाजारपेठेत फिरायला मिळालं तर नक्की फिर. कोणत्या दुकानात रोज शंभर रुपये निघतात आणि कुठे आठवडाभर काहीच निघत नाही, यावरून पेठेची नाडी कळते. ऑफिसात कर्जाच्या फायली बघताना जामीनदार, तारण आणि परतफेडीची तारीख या तीन गोष्टींवर लक्ष ठेव. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हा फरकही समजून घे. गावातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना तो माहीत नाही.

बचत गटाचा पर्यायही चांगला आहे, विशेषतः कॉलेजच्या फील्ड प्रोजेक्टसाठी. उमेद अभियानाचे किंवा माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट बहुतेक गावांत आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री त्यांना शिकवलेली असते, पण लेख्यांचं काम बहुतेक गटांत एकटी सचिव ताई ओढत असते. तिच्या शेजारी बसून तीन बैठकांचं इतिवृत्त आणि खतावणी लिही. गट मसाला, लोणचं, शेवया करत असेल तर किलोचा खरा खर्च काढून दे. जवळजवळ प्रत्येक गटात हीच गोष्ट दिसते: मिरची, तेल, पिशवी सगळं धरलेलं असतं, बायकांची मेहनत धरलेली नसते. मजुरी लावून भाव काढल्यावर काही वस्तू तोट्यात निघतात. ते ताईंना आदराने, आकडे दाखवून सांगायचं, आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्यायचं.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर तिथेही नाव दे. कर्मवीर भाऊरावांनी याच भागात हाताने काम करत शिकण्याची परंपरा उभी केली, तिचा आपण उपयोग करून घ्यायला हवा. फक्त एक आग्रह धर. ग्रंथालयात पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवण्याऐवजी कॉलेजच्या ग्राहक भांडारात, खानावळीच्या हिशोबात किंवा कार्यालयाच्या लेखा विभागात काम माग. वाणिज्य शाखेच्या मुलांना तिथे ठेवलं तर कॉलेजचंही काम होतं. प्राध्यापक हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती आहे: तोंडी परीक्षेत ‘कंपनीची स्थापना कधी झाली’ हे विचारू नका. मुलाच्या हातात बँकेचं एक पासबुक आणि एक रोजमेळ द्या आणि फरक कुठे आहे ते शोधायला सांगा. कोण खरंच कामावर गेलं होतं, हे पाच मिनिटांत कळेल.

सरकारी योजनांबद्दल अनेक मुलं विचारतात. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण सुरू झाली तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नकोस, सध्याच्या अटी आधी बघून घे. पदवीनंतर अप्रेंटिसशिपचा मार्ग आहे, केंद्राच्या एनएटीएस (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदणी करता येते आणि विद्यावेतन मिळतं. सीए करायचं मनात असेल तर इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, येते, ती २०२३ च्या नव्या योजनेपासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. आत्ता दुकानात घालवलेले दोन महिने तिथे फार कामाला येतात.

जाण्याआधी घरी काय तयारी करायची? टॅलीची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य मिळते. त्यात महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं. घरात संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बस. वीस-पंचवीस खऱ्या बिलांच्या नोंदी कर, नात्यातल्या कुणाच्या दुकानातली जुनी बिलं मागून घे. मराठीत आणि इंग्रजीत अंक न चुकता लिहिता येणं, कागद तारखेने लावून फाइल करता येणं, या साध्या गोष्टी आधी पक्क्या कर. नवीन मुलाला कामावर घेताना आम्ही हेच पहिलं बघतो.

काही गोष्टींची काळजी घे. मालकाचा जीएसटी किंवा आयकराचा पासवर्ड तुझ्या मोबाइलमध्ये ठेवू नकोस. ओटीपी तुझ्या नंबरवर येईल अशी व्यवस्था कुणी सुचवली तर नाही म्हण. बिलांचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवायचे नाहीत, अहवालात ग्राहकांची नावं लिहायची नाहीत. कोणत्याही विवरणावर, पत्रावर सही करायची नाही. आणि माल न येता नुसतं बिल आलेलं दिसलं, किंवा तशी नोंद करायला सांगितली, तर हात थांबव आणि त्याच दिवशी तुझ्या मार्गदर्शक शिक्षकांना सांग. तो गुन्हा आहे, आणि नोंद करणाऱ्याच्या नावावरही बालंट येतं. जागा निवडताना शक्यतो मैत्रिणीबरोबर जा, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायला लागेल अशी जागा टाळ, आणि पहिल्या दिवशी आई किंवा वडिलांना बरोबर ने. यात संकोच नको. चांगला मालक उलट निश्चिंत होतो.

पैशांचंही स्पष्ट बोलून घ्यावं. ओजेटीत बहुतेक छोटे मालक विद्यावेतन देत नाहीत, पण येण्या-जाण्याचा खर्च मागायला हरकत नाही. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा ती रक्कम फार नसते. दोन महिन्यांनी तुझ्यामुळे त्याच्या उधारीची यादी आणि साठा नीट झाला असेल तर पुढे अर्धवेळ पगारावर ठेवाल का, असं तू स्वतः त्याला विचार. माझ्या माहितीतल्या अनेक मुलींच्या पहिल्या नोकऱ्या अशाच लागल्या आहेत.

अहवालासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेव. रोज पाच-सहा ओळी: आज कोणता कागद हातात आला, तो कुठून आला, कुठे गेला, काय जुळलं नाही, ते कसं शोधलं, काय अजून कळलेलं नाही. शेवटी कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवून पन्नास पानं भरण्यापेक्षा या वहीतल्या एका बिलाचा संपूर्ण प्रवास, एक न जुळलेला आकडा आणि त्याचं कारण, आणि मालकाला केलेली एक सूचना एवढं लिही. पंधरा पानांत होईल, आणि मुलाखतीत कोणी त्यावर काहीही विचारलं तरी तुला उत्तर येईल.

जागा मागायला कधी जायचं, तेही महत्त्वाचं. कर सल्लागाराकडे १० ते २० तारखेच्या दरम्यान, जुलैच्या आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नकोस, त्या वेळी आम्हाला मान वर करायला सवड नसते. दुकानदाराकडे बाजाराच्या दिवशी आणि दिवाळीच्या आधी नको. अडत्याकडे सौद्याच्या दिवशी नको. महिन्याच्या २२-२३ तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमारास जा. बरोबर कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि तू केलेला वडिलांच्या हिशोब पट्ट्यांचा तक्ता असू दे. आत गेल्यावर एवढंच सांग: “नमस्कार काका, मी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. मला अडीच महिने रोज दोन तास तुमच्याकडे हिशोबाचं काम शिकायचं आहे. टॅलीत नोंदी येतात. आमच्या बेदाण्याच्या पट्ट्यांचा मी हा हिशोब केला आहे, बघता का?” तक्ता टेबलावर ठेव आणि त्यांना बघू दे. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले तर आभार मानून शेजारच्या दुकानात जा, तिथेही हेच सांग. तासगावच्या पेठेत तुला जागा मिळेल, याची मला खात्री आहे. आणि टू-बीत एखादं बिल अडलं किंवा पट्टीवरचा एखादा रकाना समजला नाही, तर इथे बिनधास्त विचार. बिलावरची नावं झाकून आकडे लिही, मी बघून सांगेन.